तोडणीचा करार आणि ऊंस बागाईतदार

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २१ तारखेस मध्यवर्ती सरकारनें मजुरांसंबंधींच्या चार संहिता अंमलांत आणल्या. त्यांपैकीं वेतनाची संहिता २०१९ सालची व बाकीच्या तीन २०२० सालच्या; म्हणजे कायदा मंजूर होऊन तो लागू होण्यास पांच-सहा वर्षें गेलीं. या चार संहितांच्या पोटांत पूर्वींचे एकोणतीस कायदे सामावले आहेत. वर्तमानपत्रांनीं ही बातमी गिरण्या-कारखान्यांच्या सदरांत छापली, आणि आपल्यापैकीं बहुतेकांनीं हा शहरचा मामला असें समजून पान उलटलें. परंतु ज्याच्या वावरांत ऊंस उभा आहे त्याचा या विषयाशीं फार जवळचा संबंध आहे. दर कांहीं वर्षांनीं त्याच्या डोक्यावरून एक मोठा सामुदायिक सौदा होतो, त्याचे पैसे तो देतो, आणि सौदा करणाऱ्यांच्या यादींत त्याचें नांव नसतें. या लेखांत तेवढ्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

सामुदायिक सौदा म्हणजे काय, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. एकटा शेतकरी कारखान्याच्या काट्यावर जाऊन दर वाढवून मागूं लागला, तर त्याच्याकडे कोणी मान वळवूनहि पाहणार नाहीं. तेच हजारों शेतकरी जयसिंगपूरच्या ऊंस परिषदेंत एकत्र बसून आंकडा मागतात, तेव्हां कारखानदारास बोलणीं करणें भाग पडतें. मजुरांचेंहि तसेंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी १८९० सालच्या १० जून रोजीं पदरांत पडली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें. त्या वेळीं मजुरांच्या संघटनेस कायद्याचा कोणताच आधार नव्हता. तो आधार १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानें मिळाला. परंतु संघटना नोंदली म्हणजे मालकानें तिच्याशीं बोललेंच पाहिजे, असें त्या कायद्यांत कोठेंहि नव्हतें.

तेव्हां खरा प्रश्न असा कीं, मजुरांच्या वतीनें बोलावयाचें कोणीं? मुंबई इलाख्याच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानें ‘प्रातिनिधिक संघटना’ अशी एक पदवी निर्माण केली. जिला ती पदवी, तिनेंच बोलावयाचें. याचा परिणाम १९८२ सालीं दिसला. त्या वर्षीं १८ जानेवारीस सुमारें अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागें जाऊन संपावर गेले. सरकारी दप्तरांतील प्रातिनिधिक संघटना मात्र निराळीच, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ, ही होती. मजुरांचा विश्वास एकीकडे व कायद्याचा शिक्का दुसरीकडे, अशा स्थितींत तडजोड व्हावी कशी? संप मागें घेतल्याचें रीतसर कोणीं जाहीरच केलें नाहीं. तो नुसता विरून गेला. कोंकणांत आणि घाटावर कित्येक घरें मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीच्या बळावर जमीन कसत होतीं. त्यांची काय दशा झाली हें त्या बाजूच्या वाचकांस ठाऊक आहे.

नव्या औद्योगिक संबंध संहितेनें या जुन्या प्रश्नास आंकड्यांत उत्तर दिलें आहे. कारखान्यांत एकापेक्षां अधिक संघटना असल्या, तर हजेरीपटावरील शेंकडा ५१ किंवा त्याहून अधिक मजुरांचा पाठिंबा जिला असेल, तीच मालकाशीं वाटाघाटी करणारी संघटना. तेवढा पाठिंबा कोणासच नसेल, तर शेंकडा २० व त्यापुढें पाठिंबा असणाऱ्या संघटनांचे प्रतिनिधि मिळून एक वाटाघाट मंडळ बनवावयाचें, आणि त्यांत दर शेंकडा २० मजुरांमागें एक प्रतिनिधि घ्यावयाचा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानें मान्यतेसाठीं शेंकडा ३० सभासद पुरेसे धरले होते. परंतु सबंध देशास लागू पडेल असा नियम यापूर्वीं नव्हता. ही व्यवस्था माझ्या मतें चांगली आहे.

त्याच संहितेची दुसरी बाजू मात्र जाचक आहे. पूर्वीं संपाची आगाऊ नोटीस देण्याचें बंधन पाणी, रेल्वे अशा लोकोपयोगी सेवांपुरतें होतें. आतां तें सर्व उद्योगधंद्यांस लावलें आहे. नोटीस संपाच्या आधीं साठ दिवसांच्या आंत दिलेली असावी आणि ती दिल्यापासून चौदा दिवस संप करतां येत नाहीं. तडजोड-अधिकाऱ्यापुढें काम चालू असेपर्यंतहि संप बेकायदा. निम्म्या किंवा अधिक मजुरांनीं एकाच दिवशीं किरकोळ रजा काढली तर तोहि संपच समजावयाचा. उलट पक्षीं, मजूर कमी करण्यास किंवा कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी घेण्याचें बंधन पूर्वीं शंभर मजुरांपासून होतें, तें आतां तीनशेंपासून आहे. या संहितांविरुद्ध दहा मध्यवर्ती कामगार संघटनांनीं ९ जुलै २०२५ रोजीं देशव्यापी संपहि केला होता. शहरांतील या वादांत अधिक खोल जाण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

आपल्या कामाचा शब्द वर एकदां येऊन गेला आहे, तो म्हणजे ‘हजेरीपट’. मुलकी खात्यांतील नोकरीनें मला एक गोष्ट पक्की शिकविली आहे कीं, ज्याचें नांव पत्रकांत नाहीं, त्याचें म्हणणें कितीहि खरें असलें तरी अर्ज चालत नाहीं. शेंकडा ५१ काढावयाचे तर आधीं शंभर कोण हें ठरलें पाहिजे. साखर कारखान्याच्या आंत तें ठरलेलें असतें. कायम कामगार, हंगामी कामगार यांची नोंद असते. मालक, कामगार व सरकार यांची त्रिपक्षीय समिति बसते आणि वेतनाचा करार होतो. सन २०२५ मध्यें त्यांस शेंकडा १० वाढ ठरली ती याच रीतीनें. पण त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर, आपल्या फडांत, जी टोळी पहांटेपासून कोयता चालविते तिचा हजेरीपट कोणाजवळ आहे?

ही सांखळी कशी असते तें पाहा. कारखाना वाहतूकदाराशीं करार करतो आणि त्यास उचल देतो किंवा त्याच्या नांवावर कर्ज उभें करून देतो. वाहतूकदार ती रक्कम मुकादमास देतो. मुकादम बीड, अहिल्यानगर, जालना वगैरे जिल्ह्यांतील गांवोगांव हिंडून पावसाळ्यांतच जोडप्यांस उचल वांटून ठेवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे कांहीं कोयते मिळून एक टोळी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही टोळी बिऱ्हाडासह निघते आणि हंगाम संपेपर्यंत ती उचल अंगमेहनतीनें फेडीत राहते. पुष्कळदां ती फिटत नाहीं व पुढच्या सालच्या खात्यावर चढते. आतां या टोळीचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशीं. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमास पैसे दिले. मुकादम म्हणतो, मीहि मजूरच. आणि शेतकरी म्हणतो, मीं तर यांस बोलावलेंच नाहीं. एखादी बाई मोळी चढवितांना ट्रॉलीवरून पडली, म्हणजे हीं चारहि उत्तरें एका दिवसांत ऐकूं येतात.

ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकानें भरून द्यावी, हें तत्त्व १९७० च्या ठेका मजूर कायद्यांत होतें व नव्या संहितांतहि तें राखलें आहे. परंतु तें या टोळीस लावावयाचें, तर आधीं मूळ मालक कोण हें कोणींतरी कबूल केलें पाहिजे. आणखी एक चमत्कार असा कीं, बीडचें जोडपें बेळगांव जिल्ह्यांतील कारखान्यावर गेलें तर तें परराज्यांतील स्थलांतरित मजूर ठरूं शकतें व त्यास जाण्यायेण्याच्या भाड्यासारख्या सवलती मागतां येतात. तेंच जोडपें कोल्हापुरास आलें तर या सवलतींस मुकतें. काम तेंच, कोयता तोच, पालहि तसेंच.

असें असूनहि या मजुरांचा सौदा होतो, आणि तो कोणत्याहि संहितेच्या आधारानें नव्हे तर केवळ वहिवाटीनें होतो. एका बाजूस साखर कारखान्यांचा संघ, दुसऱ्या बाजूस तोडणी मजुरांच्या व मुकादमांच्या संघटना, आणि मध्यें उभयतांस मान्य असे लवाद. सन २०२० मध्यें या रीतीनें दरांत शेंकडा १४ वाढ ठरली. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्यें शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या बैठकींत शेंकडा ३४ वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनास सुमारें २७३ रुपयांवरून सुमारें ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाच्या कमिशनांत शेंकडा १ ची वाढ झाली ती वेगळी. हा करार २०२५-२६ पर्यंतच्या तीन हंगामांसाठीं होता.

आतां हिशेब करूं. वाढ टनामागें ९३ रुपयांची. ज्याच्या एकरांत ४० टन ऊंस निघतो, त्याच्या बिलांतून एकरीं ३,७२० रुपये या एका करारानें अधिक जातात. सरकार ठरवितें तो रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या फाटकावरचा असतो. २०२५-२६ च्या हंगामास तो १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागें ३,५५० रुपये होता. त्यांतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करून शिल्लक राहील ती रक्कम आपल्या खात्यावर जमा होते. उत्तर प्रदेशांत शेतकरी आपला ऊंस आपण तोडून काट्यावर किंवा खरेदी केंद्रावर पोहोंचवितो. तेथें हा प्रश्नच नाहीं. आपल्याकडे तोडणीची सर्व व्यवस्था कारखान्याच्या हातीं व खर्च शेतकऱ्याच्या अंगावर.

यावर एक उत्तर नेहमीं देण्यांत येतें. सहकारी कारखाना शेतकऱ्यांचाच, त्याचें संचालक मंडळ शेतकऱ्यांनीं निवडलेलें, म्हणून साखर संघ बोलला म्हणजे शेतकरीच बोलला. हें उत्तर मला पटत नाहीं. एक तर राज्यांतील निम्म्याच्या आसपास कारखाने आतां खाजगी आहेत आणि तेथें सभासद ही गोष्टच नाहीं. दुसरें असें कीं, जो खर्च आपल्या तिजोरींतून जावयाचा नाहीं त्याविषयीं घासाघीस करण्यास माणसास हुरूप नसतो. वाढ शेंकडा ३४ असो कीं ४०, कारखान्यास ती बिलांतून वळती करून घ्यावयाची असते. त्याची काळजी एवढीच कीं, गाळप बंद पडूं नये.

म्हणून शेंकडा ३४ ही वाढ अवाजवी होती असें मात्र कोणीं समजूं नये. एका जोडप्यानें दिवसास दोन टन तोडले असें धरलें तर ३६६ च्या दरानें दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. पहांटेच्या थंडींत, पाचटानें अंग कापून घेत, पाठीवर मोळ्या वाहून, रात्रीं-अपरात्रीं गाडी आली तर उठून ती भरून द्यावयाची, त्याचे माणशीं ३६६ रुपये. आपल्यापैकीं कोण आपल्या मुलास या दरानें या कामास पाठवील? माझी तक्रार दराविषयीं नाहीं. आपण जें देतों तें सर्व त्या जोडप्याच्या हातीं पडतें कीं नाहीं, हें पाहण्याचा अधिकार देणाऱ्यास नाहीं, ही तक्रार आहे.

आणि आपण बिलांतून देतों तेवढ्यानें भागतें थोडेंच? फेब्रुवारी-मार्च महिना उजाडला, ऊन तापूं लागलें, तुऱ्याला आलेला ऊंस वजनास घटूं लागला, म्हणजे बांधावर दुसरा सौदा सुरू होतो. टोळीची ‘खुशाली’, ड्रायव्हरची ‘एंट्री’, ट्रॅक्टर रुतला तर ओढून काढण्याचें आणखी निराळें. या पैशास पावती नाहीं. हे पैसे घेऊं नयेत असें सरकारी परिपत्रक निघतें व फडांत तें कोणी वाचीत नाहीं. ज्यास सामुदायिक सौद्यांत जागा नाहीं, त्यास असा एकेकट्यानें आणि नडलेल्या स्थितींत सौदा करावा लागतो. टोळीवाल्यांसहि तेंच लागू आहे. मुकादमाच्या वहींत आपल्या नांवावर काय लिहिलें आहे हें ज्यास वाचून दाखविलें जात नाहीं, तो शेतकऱ्याकडून चार पैसे काढूं पाहील यांत नवल नाहीं. वाहतूकदारांचा अनुभव याहून कडू आहे. लाखों रुपये उचल घेऊन मुकादम टोळीच आणीत नाहीं, असे प्रकार दर हंगामांत घडतात. आणि हा वाहतूकदार म्हणजे बहुधा आपल्याच गांवचा, ट्रॅक्टरासाठीं जमीन तारण दिलेला तरुण असतो.

उचल या प्रकाराविषयीं कायदा काय म्हणतो हें बागाईतदारांनीं नीट समजून घेतलें पाहिजे. वेठबिगारी नष्ट करणारा १९७६ चा कायदा त्या एकोणतीस कायद्यांत नाहीं. तो स्वतंत्र आहे आणि जशाचा तसा लागू आहे. आगाऊ रकमेपोटीं मनुष्यास दुसरीकडे काम करण्याची मोकळीक न ठेवणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. त्यापुढें जाऊन सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं, दिल्लींतील एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करवून घेणें हेंहि घटनेच्या २३ व्या कलमाखालीं सक्तीचें काम होय, असा निर्णय दिला. पळून गेलेल्या जोडप्यास जीप घालून धरून आणणें, मूल ओलीस ठेवणें, हे प्रकार ‘पैसे अडकले आहेत’ या सबबीखालीं कोणी क्षम्य समजत असेल तर तो स्वतःस मोठ्या धोक्यांत घालीत आहे.

हाच विचार पाडव्यास ठरणाऱ्या सालगड्यासहि लागू पडतो. वेतन संहितेनें किमान वेतनाचा हक्क सर्व प्रकारच्या कामांस दिला आहे, शेतकामासहि. मध्यवर्ती सरकार ठरवील त्या तळाच्या दराखालीं कोणत्याहि राज्यास जातां येणार नाहीं. आणि एकाच कामास बाईस कमी व पुरुषास अधिक असा भेद करण्यास मनाई आहे. खुरपणीस बायका कमी रोजावर मिळतात हें आपण सर्व जाणतों व कायदाहि १९७६ पासून जाणतो. त्याच संहितेंत शेतकऱ्यास एक सवलत आहे. शेतीच्या कामास पांचपर्यंत माणसें ठेवणाऱ्यास सरकारी नमुन्याचीं पत्रकें ठेवण्याचें बंधन नाहीं. मात्र निरीक्षकानें विचारल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखविला पाहिजे. तारीख, नांव, रक्कम आणि सही किंवा आंगठा एवढें एका साध्या वहींत असलें तरी काम भागेल. अशी वही ठेवण्यास दिवसाचीं दोन मिनिटें लागत नाहींत.

मालक नक्की कोण, हा घोळ आपल्या राज्यांत पूर्वीं एकदां सोडविला गेला आहे. बाजारपेठेंतील हमाल आज या आडत्याकडे तर उद्यां त्या गोदामांत. त्याचाहि मालक ठरत नव्हता. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्यानें मालक शोधीत बसण्याऐवजीं मंडळें नेमलीं. मालकांनींहि तेथें नोंद करावयाची, हमालांनींहि. मजुरी मंडळांत भरावयाची, तीवर लेव्ही द्यावयाची, आणि मंडळानें हमालास मजुरी, फंड, रजा यांचा हिशेब द्यावयाचा. मंडळावर मालक, मजूर व सरकार या तिघांचे प्रतिनिधि. या व्यवस्थेंतहि दोष आहेत. लेव्ही शेवटीं शेतकऱ्याच्या पट्टींतून निघावी कीं व्यापाऱ्याच्या खिशांतून, यावर कांद्याच्या बाजारांत वाद होतात ते आपण पाहतों. तरी हमालास म्हातारपणीं फंड मिळतो. ऊंस तोडणाऱ्यांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे. त्यास कारखान्यांकडून टनामागें दहा रुपये व तितकीच रक्कम सरकारकडून, अशी योजना आहे, आणि ग्रामसेवकांमार्फत मजुरांस ओळखपत्रें देण्याचेंहि काम निघालें आहे. हीं पावलें योग्य दिशेचीं आहेत. परंतु महामंडळ कल्याणाचें आहे, मजुरीचा हिशेब त्याच्या दप्तरांतून जात नाहीं. ओळखपत्राचा क्रमांक, उचलीची रक्कम आणि तोडलेलें टनेज हीं तिन्ही एका पत्रकावर आलीं, तर मजुरास फसविणें कठीण होईल आणि वाहतूकदाराची उचल बुडविणेंहि कठीण होईल. ऊंस तोडणाऱ्या यंत्रानें हा सर्व प्रश्न मिटेल असें म्हणणारेहि आहेत. लहान तुकड्यांत, ओल्या रानांत यंत्र वळत नाहीं आणि पाचटाची वजावट भरावी लागते हें ज्यांनीं तें लावून पाहिलें त्यांस विचारावें.

तोंवर आपल्या हातीं काय आहे? सहकारी कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबर अखेरच्या आंत भरते. तेथें साखरेच्या भावावर पुष्कळ भाषणें होतात. या वर्षीं सभासदांनीं तीन गोष्टी लेखी मागाव्या, आणि त्या ठरावाच्या रूपानें इतिवृत्तांत याव्या असा आग्रह धरावा. तोडणी, वाहतूक व कमिशन यांची टनवार रक्कम बिलावर निरनिराळी दाखवावी. एकत्र आंकडा चालणार नाहीं. आपल्या गटांत आलेल्या प्रत्येक टोळींतील मजुरांची नांवनिशीवार यादी शेतकी कार्यालयांत ठेवावी व ती सभासदास पाहतां यावी. आणि साखर संघ व मजूर संघटना यांच्यामध्यें यापुढें जो जो करार होईल, त्याच्या बैठकींत ऊंस उत्पादकांचा निराळा प्रतिनिधि बसावा. खाजगी कारखान्याचे पुरवठेदार सभेंत बोलूं शकत नाहींत; त्यांनीं हीच मागणी गांवच्या सहीनिशी साखर आयुक्तांकडे पाठवावी व अर्जाची पोंच घेऊन ठेवावी.